कॅम्पर लादल्यावर ट्रक झोला मारतो : सस्पेन्शनमध्ये नेमके काय बदलावे?

वळणवाट (धागाकर्ता)

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारा कॅम्पर घेऊन मी दोन वर्षे प्रवास करतो आहे. वळणावर शिरताना ट्रक बाहेरच्या बाजूला बराच कलतो आणि वळण संपल्यावर लगेच स्थिर न होता दोन-तीन हेलकावे खातो. शेजारून मोठे वाहन वेगाने निघून गेले की वाऱ्याच्या धक्क्याने आधी कॅम्पर आणि मग संपूर्ण ट्रक डुलतो. स्टिअरिंगही रिकाम्या गाडीपेक्षा हलके लागते.

सुरुवातीला मागचा भाग खाली बसलेला दिसत होता, म्हणून मी मागच्या धुऱ्यावर (ॲक्सलवर) एअर बॅग, म्हणजे भाराला आधार देणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या, बसवून घेतल्या. त्यांत ७० पीएसआय हवा भरल्यावर ट्रक उभ्या स्थितीत अगदी समतल दिसू लागला. मात्र झोला कमी होण्याऐवजी वाढला, आणि हे माझ्या समजुतीच्या पूर्णपणे उलट आहे. आता कोणी जाड पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाकायला सांगतो, कोणी अँटी-रोल बार (कलणे रोखणारा आडवा दांडा), तर कोणी नवे शॉक ॲब्सॉर्बर. आणखी खर्च करण्यापूर्वी, बिघाड नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

काटेकोर

आपण दिलेल्या वर्णनात एकही वजन नाही, आणि त्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला हा अंदाजच ठरेल. कॅम्परच्या माहितीपत्रकातले वजन बहुतेक वेळा कोरडे असते. त्यात पाणी, गॅस, बॅटऱ्या, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि मागाहून बसवलेल्या वस्तू धरलेल्या नसतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे सर्वांना ठाऊक असते, तरी १२० लिटरची टाकी भरताना आपण १२० किलोचा माणूस गाडीत बसवतो आहोत असे कोणाला वाटत नाही.

म्हणून आधी वजनकाट्यावर जा आणि पुढचा धुरा व मागचा धुरा यांची वजने वेगवेगळी घ्या. एकदा रिकामा ट्रक आणि एकदा प्रवासाला निघताना जसा भरलेला असतो तसा. शक्य असल्यास डाव्या आणि उजव्या चाकांचीही वेगळी वजने घ्या, कारण स्वयंपाकाची बाजू आणि पाण्याची टाकी एकाच अंगाला असेल तर फरक लक्षणीय असू शकतो. मग दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेली दोन्ही धुऱ्यांची आणि संपूर्ण वाहनाची कमाल मर्यादा त्या आकड्यांशी ताडून पाहा. एअर बॅग, जाड पाटे किंवा रबरी ठोकळे यांपैकी काहीही बसवले तरी ही मर्यादा वाढत नाही, कारण ती धुरा, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक आणि चासी या सर्वांवर मिळून ठरलेली असते. मागचा भाग वर उचलला गेला म्हणजे भार कमी झाला असे मुळीच नाही.

या दोन वजनांतून आणखी एक मोलाची गोष्ट कळते, ती म्हणजे कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या धुऱ्याच्या पुढे पडतो की मागे. भरल्यावर पुढच्या धुऱ्याचे वजन रिकाम्यापेक्षा वाढले असेल तर तो पुढे आहे, आणि घटले असेल तर तो मागे आहे. स्टिअरिंग हलके लागते हे आपले वाक्य वाचून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते.

पाटेदुरुस्त

वजनाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण एअर बॅगनंतर झोला का वाढला याचे उत्तर काट्यावर मिळणार नाही, ते गाडीखाली वाकून पाहावे लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही बॅगांना हवा एकाच नळीतून, मध्ये टी-जोड टाकून दिली आहे का? तसे असेल तर वळणावर बाहेरची बॅग दबली की तिच्यातली हवा नळीतून आतल्या बाजूच्या बॅगेत जाते. म्हणजे ज्या बाजूला आधार हवा ती बाजू सैल पडते आणि जी आधीच उचलली जाते आहे ती आणखी फुगते. उभ्या गाडीला अशा जोडणीने काहीही फरक पडत नाही, त्यामुळे दोष दिसत नाही. दोन्ही बॅगांना वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह देणे हाच त्यावर उपाय आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जड कामाच्या अनेक पिकअप ट्रकमध्ये मुख्य पाट्यांच्या वर एक जाड हेल्पर पाटा असतो. गाडी रिकामी असताना त्याची टोके चासीवरच्या ब्रॅकेटपासून काही सेंटीमीटर खाली मोकळी असतात. भार आला की चासी खाली येते, ब्रॅकेट हेल्परवर टेकते आणि तिथून पुढे तोही भार घेऊ लागतो. हा पाटा चासीच्या बाहेरच्या अंगाला असतो, म्हणून कलण्याला त्याचा विरोध चांगला असतो. एअर बॅग मात्र अनेक संचांत पाट्यांपेक्षा आतल्या अंगाला बसतात. कलण्याला होणारा विरोध दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगमधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर तीन-चतुर्थांश झाले तर तेवढ्याच ताठ स्प्रिंगचा विरोध सुमारे ५६ टक्केच उरतो. आपण ७० पीएसआय हवा भरून चासी इतकी वर उचलली असेल की हेल्पर टेकतच नसेल, तर बाहेरच्या बाजूचा भक्कम आधार काढून घेऊन आतल्या बाजूचा मऊ आधार दिला असे झाले. गाडी समतल दिसते आणि जास्त कलते, ती अशी.

कॅम्पर चढवलेला असताना हेल्परची टोके आणि ब्रॅकेट यांच्यात किती फट आहे ते मोजा. टेकण्याच्या जागेचा रंगही पाहा. तिथे धातू घासून चकाकत असेल तर हेल्पर काम करतो आहे.

हवापाणी

टायरकडेही लक्ष द्यावे. उंच भार वरून डुलत असताना टायरची बाजूची भिंत वाकते आणि ते वाकणे सस्पेन्शनच्या खाली घडत असल्यामुळे वर कितीही सुटे भाग बदलले तरी जात नाही. रिकाम्या गाडीला बरे म्हणून ठेवलेला दाब भरलेल्या गाडीला पुरत नाही. धुऱ्याचे खरे वजन हाती आले की टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात पाहून थंड टायरमध्ये तेवढी हवा भरा, मात्र टायरच्या आणि रिमच्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. टायरवरील भारांकही पाहा; १२१ हा अंक असेल तर एकेरी चाकावर कमाल १,४५० किलो. टायरच्या बाजूवरच्या चार अंकांत पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी शिल्लक आहे एवढ्यावरून जुना टायर जड भाराला चालेल असे समजू नये.

वळणवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत सांगितलेली तपासणी केली.

चालकासह रिकाम्या ट्रकचे वजन पुढे १,७२० आणि मागे १,१८० किलो भरले. कॅम्पर आणि सर्व सामानासह पुढे १,६९० आणि मागे २,५६० किलो. माझ्या मागच्या धुऱ्याची मर्यादा २,७५० आणि एकूण वाहनाची ४,५०० किलो आहे, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या आत मी आहे. डाव्या-उजव्या बाजूंत ४० किलोचा फरक निघाला. मात्र पुढच्या धुऱ्यावरून ३० किलो कमी झाले आहेत, हे पाहून मला खरोखर धक्का बसला.

गाडीखाली विजेरी घेऊन पाहिले. हेल्पर पाट्याचे टोक आणि ब्रॅकेटचे रबर यांत चार सेंटीमीटर फट आहे. टोकावर कारखान्यातला काळा रंग जसाच्या तसा आहे, त्यावर फक्त वाळलेल्या चिखलाचा पातळ थर, आणि त्या थरावरही टेकल्याचा एकही ओरखडा नाही. म्हणजे एवढ्या प्रवासात तो पाटा बहुधा एकदाही टेकलेला नाही. हवेची नळी टी-जोडाचीच निघाली. मागच्या टायरमध्ये ५५ पीएसआय हवा होती.

काटेकोर

आकडे फार उपयोगी आहेत. आपल्या ट्रकच्या दोन धुऱ्यांमधील अंतर ३.६ मीटर आहे असे धरतो, नसेल तर गणित त्याप्रमाणे बदला. सामानासह कॅम्परचे वजन १,३५० किलो आहे आणि पुढचा धुरा ३० किलोंनी हलका झाला आहे. ३० गुणिले ३.६ भागिले १,३५० म्हणजे ०.०८, आपला भार मागच्या धुऱ्याच्या आठ सेंटीमीटर मागे केंद्रित झाला आहे. आकडा लहान दिसतो, पण पुढच्या चाकांवर भार वाढायला हवा तिथे तो घटतो आहे, आणि वळवण्याचे व ब्रेक लावण्याचे मोठे काम तीच चाके करतात. कॅम्पर उत्पादक बाजूवर गुरुत्वमध्याची खूण करून देतात ती याचसाठी, आणि ती खूण मागच्या धुऱ्याच्या पुढे पडली पाहिजे.

आता दोन गोष्टी सांगा. कॅम्पर हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकला आहे का, आणि मागच्या बंपरच्या बाजूला काय काय टांगले आहे?

वळणवाट (धागाकर्ता)

अंतर ३.६ मीटरच आहे. पुढच्या भिंतीशी ९ सेंटीमीटर जागा रिकामी आहे, कारण बसवणाऱ्याने तिथे लाकडी फळ्यांचा अडसर टाकला होता आणि तो आवश्यक असावा असे समजून मी कधी काढला नाही. मागे, धुऱ्यापासून दीड मीटरवर, अवजारांची पेटी आहे. तिचे वजन ६० किलो भरले.

काटेकोर

मग पहिले काम सस्पेन्शनचे नाहीच. पेटी चालकाच्या मागच्या आसनाजवळ, मागच्या धुऱ्यापासून सुमारे १.८ मीटर पुढे, पक्की बांधून ठेवता आली तर ६० किलो भार ३.३ मीटर पुढे सरकतो आणि त्यातून पुढच्या धुऱ्याला ५५ किलो मिळतात. उरलेला १,२९० किलोंचा कॅम्पर ९ सेंटीमीटर पुढे सरकला की आणखी ३२ किलो. आजची ३० किलोंची घट भरून निघून वर ५७ किलोंची भर पडेल.

सरकवण्यापूर्वी कॅम्परची पुढची भिंत आणि चालकाची केबिन यांत पुरेशी जागा राहते ना, ते पाहा. चासी पिळवटते तेव्हा दोन्ही एकमेकांवर घासता कामा नयेत. हौद्यात कॅम्परखाली जाड रबरी चटई आहे का तेही पाहा. चटई नसेल आणि कॅम्पर ट्रकला आवळून धरणारे टर्नबकल सैल असतील तर कॅम्पर हौद्यावर स्वतंत्रपणे हलतो आणि तो हेलकावा ट्रकचाच आहे असे चालकाला वाटते. पहिल्या काही किलोमीटरनंतर टर्नबकल पुन्हा तपासायची सवय ठेवावी.

जुनाचालक

एवढी आकडेमोड करण्यापेक्षा दोन जास्तीचे पाटे टाकून घ्यावेत असे माझे प्रामाणिक मत आहे. मी तसे केले आणि गाडी दगडासारखी स्थिर झाली.

पाटेदुरुस्त

ज्या गाडीवरून कॅम्पर कधीच उतरत नाही, त्या गाडीला भाराच्या हिशेबाने पाटे वाढवणे हा उत्तम उपाय आहे, आणि बॅगेप्रमाणे त्यात फुटणारे किंवा गळणारे काही नसते. मात्र धागाकर्त्यांच्या गाडीत योग्य जागी बसवलेला जाड पाटा आधीपासूनच आहे, फक्त तो कामाला लावलेला नाही. शिवाय वाढवलेले पाटे गाडी रिकामी असतानाही तेवढेच ताठ राहतात, त्यामुळे मागची चाके खडबडीत रस्त्यावर उसळतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी होते.

माझा क्रम असा राहील. बॅगांच्या नळ्या वेगळ्या करून दाब इतका कमी करावा की हेल्पर भाराखाली पक्का टेकेल. बॅग अगदी रिकामी मात्र ठेवू नये. बहुतेक संचांत किमान ५ पीएसआय सांगितलेले असतात, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटते. बॅगेने डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि उंचीतला शेवटचा थोडा फरक भरून काढावा, भार पेलण्याचे काम पाट्यांनी करावे. एवढे केल्यावरही फट राहिली तर हेल्परच्या टोकावर किंवा ब्रॅकेटवर बसणारे रबरी ठोकळे मिळतात, त्यांनी हेल्पर लवकर टेकतो.

त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर. शॉक ॲब्सॉर्बर वजन पेलत नाही, तो हालचाल शमवतो. आपल्या मागच्या धुऱ्यावर रिकाम्या गाडीच्या दुपटीहून अधिक भार आहे आणि हेल्परमुळे स्प्रिंगही ताठ होणार आहे. हलणारे वस्तुमान आणि स्प्रिंगचा ताठपणा दोन्ही वाढले की जुनाच शॉक ॲब्सॉर्बर तुलनेने दुबळा ठरतो. वळणानंतरचे दोन-तीन हेलकावे हे त्याचेच लक्षण आहे. एकदा डोलून जागेवर यायला हवे.

अँटी-रोल बार सर्वांत शेवटी, पण उंच कॅम्परसाठी तो मला सर्वांत समाधान देणारा भाग वाटतो. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाली तर तो बार नुसता फिरतो आणि गाडीचा मऊपणा बिघडवत नाही. एक बाजू दबली आणि दुसरी उचलली तरच तो पिळवटला जाऊन विरोध करतो. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून २५ मिलीमीटरऐवजी ३० मिलीमीटरचा बार दुप्पट ताठ असतो. याच कारणाने गरजेपेक्षा फार जाड बार फक्त मागे टाकू नये. मागची बाजू प्रमाणाबाहेर ताठ झाली तर निसरड्या वळणावर मागची चाके आधी पकड सोडतात.

ओढजोड

धाग्याशी निगडित प्रश्न आहे. माझा कॅम्पर हौद्यात नाही, मागे ओढायचा ट्रेलर आहे. वजन १,८०० किलो, आणि काट्यावर घेतलेला हिचवरचा (ट्रेलर ट्रकला जोडायच्या सांध्यावरचा) भार १९० किलो. पहिले काही प्रवास उत्तम झाले. अलीकडे उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो. मागे अँटी-रोल बार किंवा एअर बॅग बसवल्यास हे थांबेल का?

काटेकोर

नाही, आणि कृपया त्या भरवशावर राहू नका. धागाकर्त्यांची गाडी कलते. आपला ट्रेलर हिचच्या बिंदूभोवती आडवा झुलतो. पहिल्या हालचालीला स्प्रिंग आणि बार उत्तर देतात, दुसरीला प्रामुख्याने ट्रेलरमधील भाराची मांडणी आणि वेग. एका ठरावीक वेगाच्या वर गेले की झुलणे आपोआप शमत नाही, वाढत जाते, आणि भार मागे सरकला की तो धोकादायक वेग खाली येतो.

अशा ट्रेलरच्या हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असा सर्वमान्य संकेत आहे. १,८०० वर १९० म्हणजे साडेदहा टक्के, काठावर पण ठीक. पहिल्या प्रवासांनंतर मागे काही जोडले आहे का?

ओढजोड

होय, दोन सायकलींचा स्टँड ट्रेलरच्या मागच्या बंपरवर बसवला आहे. सायकलींसह ४० किलो. शिवाय पाण्याची १०० लिटरची टाकी पुढे आहे आणि वजन वाचावे म्हणून आता मी ती रिकामी ठेवून निघतो.

काटेकोर

कारण हेच आहे. हिचच्या बॉलपासून ट्रेलरच्या धुऱ्यापर्यंत ५ मीटर आणि धुऱ्यापासून स्टँडपर्यंत ३.५ मीटर धरले तर ते ४० किलो हिचवरचा भार २८ किलोंनी कमी करतात. टाकी धुऱ्याच्या दीड मीटर पुढे असेल तर ती रिकामी झाल्यावर आणखी ३० किलो गेले. आता १,७४० किलोंच्या ट्रेलरचे हिचवर १३२ किलो उरतात, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. वजन घटले आणि ट्रेलर अस्थिर झाला. टोकाला टांगलेल्या सायकलींमुळे एकदा सुरू झालेला झोका थांबायलाही जड जातो.

स्टँड काढा, जड सामान धुऱ्याच्या जरा पुढे जमिनीलगत ठेवा आणि हिचवरचा भार पुन्हा मोजा. मग तो वाढल्याने ट्रकचा पुढचा भाग उचलला गेला तर भारवाटप करणारा हिच वापरा. २६० किलोंचा भार मागच्या धुऱ्याच्या १.२ मीटर मागे पडला तर धागाकर्त्यांच्या ट्रकसारख्या, दोन धुऱ्यांत ३.६ मीटर अंतर असलेल्या ट्रकमध्ये पुढचा धुरा ८७ किलोंनी हलका होतो आणि मागच्यावर ३४७ किलो वाढतात. एअर बॅग मागची बाजू उचलते, पण ते ८७ किलो पुढे परत नेत नाही. भारवाटप करणाऱ्या हिचचे ताणलेले दांडे ते काम करतात. बॅगा आणि असा हिच दोन्ही असतील तर बॅगांत किमान हवा ठेवून आधी हिच लावून घ्या.

तोवर ट्रेलर झुलू लागलाच, तर वेग वाढवून तो सरळ करण्याचा प्रयत्न करू नका आणि ट्रकचा ब्रेकही जोरात दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने चालवायचा नियंत्रक असेल तर फक्त तेवढाच लावा, म्हणजे ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो.

वळणवाट (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण एका वेळी एकच बदल करून तोच रस्ता त्याच वेगाने चालवून पाहायचा असे ठरवले होते.

आधी लाकडी अडसर काढला, चटई टाकली, कॅम्पर पुढे घेतला आणि अवजारांची पेटी आसनामागे पट्ट्यांनी बांधली. काट्यावर पुढे १,७७५ आणि मागे २,४७५ किलो भरले. स्टिअरिंगमधला फरक पहिल्याच चौकात जाणवला. मग तक्त्याप्रमाणे मागच्या टायरमध्ये ७० पीएसआय हवा भरली. वाऱ्याच्या धक्क्याने येणारे बारीक डुलणे बरेच कमी झाले.

त्यानंतर नळ्या वेगळ्या करून डाव्या बॅगेत १५ आणि उजवीत २० पीएसआय ठेवले. मागची बाजू पूर्वीपेक्षा तीन सेंटीमीटर खाली आली आणि हेल्पर तरीही सेंटीमीटरभर कमी पडला, म्हणून त्याच्या टोकांवर रबरी ठोकळे बसवले. सर्वांत मोठा बदल इथे झाला. ज्या वळणावर माझी पत्नी दाराची मूठ घट्ट धरून बसत असे, तिथे ती या वेळी बोलत राहिली. परत आल्यावर गाडीखाली पाहिले, तर रबर टेकते तिथला काळा रंग गेला होता आणि बोटभर जागेत उघडे लोखंड दिसत होते.

नवे शॉक ॲब्सॉर्बर काल बसवले आणि वळणानंतर आता एकच हेलकावा येतो. अँटी-रोल बार सध्या घेत नाही. काही नट सोडून पुन्हा आवळलेले असल्यामुळे ८०० किलोमीटर झाल्यावर पाटे धुऱ्याला बांधणाऱ्या यू-बोल्टसह सर्व नट टॉर्क पान्याने तपासणार आहे.

पाटेदुरुस्त

यू-बोल्ट तपासताना कॅम्पर चढवलेलाच असू द्या, आणि सेंटर बोल्टजवळ पाट्यांमध्ये गंजाची ताजी रेघ दिसते का तेही पाहा. ती दिसली तर पाटे एकमेकांवर सरकत आहेत असे समजा आणि पुढच्या प्रवासापूर्वी यू-बोल्ट नवे टाका. ताणले गेलेले जुने बोल्ट पुन्हा आवळून टिकत नाहीत.